मंगळावर मोकळा श्वास घेता येईल का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मंगळावर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजचा नुसता पाऊस पडला. म्हणून ठरवलं, या महिन्याचा अख्खा कॉलम मंगळालाच द्यायचा. बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. दुसरा एखादा ग्रह आपण आपल्यासारखा करून घेऊ शकतो का, म्हणजे सूट नाही, हेल्मेट नाही, दार उघडायचं आणि बाहेर अंगणात यायचं. याला टेराफॉर्मिंग म्हणतात, हा शब्द १९४२ साली एका विज्ञानकथेत आला आणि पुढे शास्त्रज्ञांनीही उचलला. मी आपलं पृथ्वीकरण म्हणते. ज्यांचे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, राग मानू नका.

ताई, मंगळावर एवढी थंडी आहे म्हणूनच माणूस राहू शकत नाही ना? मग तिथे ग्लोबल वॉर्मिंग करायचं, इथे ते आपण करतोच आहोत. तेवढ्याने काम होईल का?
– एक वाचक, बारामती

थंडी आहेच, सरासरी उणे ६० अंशांच्या आसपास, पण खरं सांगू का, थंडी हा मंगळावरचा दोन नंबरचा प्रॉब्लेम आहे. विषुववृत्ताजवळ उन्हाळ्यात भर दुपारी तिथेही टेम्परेचर २० अंशांपर्यंत चढतं. आणि थंडीला कपडे घालून तोंड देता येतं, सियाचेनवर आपले जवान देतातच की. माणूस तिथे उघड्यावर मिनिटभरही का तग धरणार नाही, तर हवेच्या प्रेशरमुळे.

हे मी कॉलेजात शिकवायचे तेव्हा साध्या सिरिंजने दाखवायचे, तुम्हीही घरी करून बघा, सुई काढून टाका मात्र. पाणी गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, आपण कडक चहा घेतो तेवढं गरम. सिरिंजमध्ये पाव भाग पाणी ओढून घ्यायचं, आतली हवा बाहेर काढायची, पुढचं तोंड बोटाने घट्ट दाबायचं आणि दट्ट्या जोरात मागे खेचायचा. आतलं पाणी खळाखळा उकळायला लागतं! खाली गॅस नाही, काही नाही. दट्ट्या सोडला की परत शांत. दरवर्षी पोरं हे बघून दोन मिनिटं गप्प व्हायची आणि मग प्रत्येकाला स्वतः करून बघायचं असायचं. प्रेशर कमी केलं की पाणी कमी टेम्परेचरला उकळतं एवढंच त्यात आहे, कुकरमध्ये बरोबर याच्या उलट होतं म्हणून डाळ पटकन शिजते.

आता हेच मंगळावर नेऊ. समुद्रसपाटीला आपल्याकडे हवेचं प्रेशर साधारण १०१३ मिलिबार असतं. ते ६३ मिलिबारवर आलं की पाणी ३७ अंशांनाच उकळतं, आणि ३७ म्हणजे आपल्या अंगाचं टेम्परेचर, म्हणजे जिभेवरची लाळ आणि डोळ्यातला ओलावा वाफ होऊन जायला लागतो. मंगळावर किती प्रेशर आहे? सरासरी ६ मिलिबार. एव्हरेस्टच्या माथ्यावरसुद्धा इथल्या एक तृतीयांश तरी हवा असते, मंगळाइतकी विरळ हवा इथे अनुभवायची तर ३५ किलोमीटर वर जावं लागेल, प्रवासी विमानं उडतात त्याच्या तिप्पट उंच. मंगळावर भांडंभर पाणी उघड्यावर ठेवलं तर ते एकीकडून उकळेल आणि एकीकडून गोठेल, पाणी म्हणून काही राहणार नाही.

म्हणून मंगळ माणसाळवायचा म्हणजे पहिल्यांदा हवा जाड करायची. प्रेशर २००-३०० मिलिबारपर्यंत जरी नेता आलं तरी तो अवाढव्य प्रेशर सूट सुटतो, मग ऊबदार कपडे आणि नाकाला ऑक्सिजनचा मास्क एवढ्यावर माणूस बाहेर फिरू शकेल. मोकळा श्वास हा त्याच्याही पुढचा टप्पा. तुमच्या प्रश्नातला वॉर्मिंगचा भाग चुकीचा नाहीये, पण वॉर्मिंग करायलाही अंगावर पांघरूण लागतं आणि हवा हेच ते पांघरूण.

मंगळाच्या दोन्ही ध्रुवांवर बर्फ आहे असं वाचलं. तो वितळवला तर हवा आणि पाणी दोन्ही मिळेल ना? बॉम्ब टाकून वितळवायचं असंही कुणीतरी म्हणालं होतं. हे शक्य आहे का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे (असाच प्रश्न नागपूर, पणजी आणि शारजाहून)

बॉम्बचं बोलले होते इलॉन मस्क, २०१५ साली टीव्हीवरच्या एका मुलाखतीत. ध्रुवांवर थर्मोन्यूक्लिअर बॉम्ब टाकून ग्रह झटपट तापवता येईल असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर जगभर भरपूर चर्चा झाली, पण आधी तिथे आहे किती ते तरी मोजूया.

ध्रुवांवर बर्फ दोन प्रकारचा आहे. एक साधा पाण्याचा आणि दुसरा कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे ज्याला आपण ड्राय आइस म्हणतो, लग्नात स्टेजवर धूर काढायला वापरतात तो. पाण्याचा बर्फ खरंच भरपूर आहे, युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानाने रडारने मोजलं तेव्हा २००७ साली कळलं की एकट्या दक्षिण ध्रुवावरचं पाणी वितळवून सगळीकडे सारखं पसरलं तर अख्ख्या मंगळावर ११ मीटर खोल पाणी होईल. तीन मजली बिल्डिंग बुडेल एवढं. पाण्याची चिंता नाही, चिंता आहे हवेची.

२०१८ मध्ये ब्रूस जकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या दोन शास्त्रज्ञांनी याचा ताळेबंद मांडला. ध्रुवांवरचा सगळा ड्राय आइस उडवला तर प्रेशर जेमतेम दुप्पट होतं. मग मातीच्या कणांना चिकटलेला वायू घ्या, खडकांमधला जेवढा हाताशी लागेल तेवढा घ्या, सगळी झाडलोट केली तरी २० मिलिबारच्या आसपास येऊन गाडी थांबते. आपल्या अंगातलं पाणी उकळू नये म्हणूनच ६३ पाहिजेत आणि मंगळ नीट ऊबदार ठेवायला हजारच्या घरात. खोल खडकांमध्ये कार्बोनेट, म्हणजे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवलेला दगड, असू शकेल, पण ते काढायचं म्हणजे अख्ख्या ग्रहावर खाणी खणत सुटायचं आणि वर तो दगड भट्टीत भाजायचा. म्हणजे बॉम्बने ध्रुव वितळला तरी पुढे काय, हा प्रश्न तसाच.

यात अजून एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही आणि मला ती सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. मंगळाची ग्रॅव्हिटी आपल्या ३८ टक्केच आहे. ग्रॅव्हिटी कमी म्हणजे हवेचंही वजन कमी भरणार, म्हणजे तेवढंच प्रेशर आणायला उलट जास्त हवा लागणार. इथे आपल्या डोक्यावर दर चौरस मीटरला साधारण १० टन हवा उभी आहे. मंगळावर तेवढं प्रेशर हवं असेल तर दर चौरस मीटरला २७ टन हवा लागेल. म्हणजे एक मीटर बाय एक मीटरची फरशी डोळ्यापुढे आणा आणि तिच्यावर मालाने भरलेला एक दहाचाकी ट्रक ठेवा, आणि असे ट्रक अख्ख्या ग्रहावर शेजारी शेजारी, एकही फरशी न सोडता. एवढी हवा कुठून आणायची? नायट्रोजनही पाहिजे, आपल्या हवेत तो ७८ टक्के आहे, मंगळाच्या त्या ६ मिलिबारमध्ये तो तीन टक्क्यांहून कमी. लघुग्रह आणि धूमकेतू वळवून मंगळावर आदळवायचे असा विचार काहींनी मांडलाय, कागदावर तो चुकीचा नाही, पण आज आपण एका छोट्या लघुग्रहाला किंचित धक्का दिला तरी ती जगाची बातमी होते.

मंगळावर पूर्वी नद्या होत्या म्हणतात. मग हवा गेली कुठे? आणि आपण नवीन हवा भरली तर तीही उडून जाईल ना?
– निवृत्त शिक्षक, सांगली

सर, प्रश्न फार छान विचारलात आणि याच्या उत्तरात आपल्या देशाचाही हात आहे.

मंगळाचा आतला भाग लवकर थंड झाला, पृथ्वीसारखं ग्रहभर पसरलेलं मॅग्नेटिक फिल्ड तिथे राहिलं नाही, त्यामुळे सूर्याकडून येणारा कणांचा झोत वरच्या हवेला थेट घासून जातो आणि थोडी थोडी हवा उडवून नेतो. हे तपासायला नासाचं मॅव्हन यान २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मंगळाजवळ पोचलं आणि त्याच्यानंतर दोनच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, आपलं मंगळयान. ती बुधवारची सकाळ मला जशीच्या तशी आठवते, आम्ही स्टाफरूममधला टीव्ही लॅबमध्ये आणून ठेवला होता, यान मंगळामागे गेल्यावर सिग्नल बंद झाला तेव्हा मुलं श्वास रोखून बसली होती, आणि सिग्नल परत आल्याचं कळलं तेव्हा आमच्या लॅब असिस्टंटच्या डोळ्यात पाणी होतं. साडेचारशे कोटींचं ते यान सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, चाललं आठ वर्षं. त्याच्यावरची दोन उपकरणं खास मंगळाच्या वरच्या विरळ हवेचा अभ्यास करायलाच होती.

मॅव्हनने मोजलं की सूर्याचा झोत सेकंदाला साधारण १०० ग्रॅम हवा नेतो, म्हणजे वाटीभर साखरेएवढी, सौर वादळ आलं की जास्त. वाटीभर ऐकायला कमी वाटतं पण हे अब्जावधी वर्षं चाललंय. मंगळावर जेवढा आर्गॉन वायू कधीकाळी होता त्यातला सुमारे ६५ टक्के गेला असंही त्यातून निघालं. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलासा देणारं आहे. गळती इतकी हळू आहे की आपण उद्या मंगळ हवेने भरला तर तो रिकामा व्हायला कोट्यवधी वर्षं लागतील. नासाच्या जिम ग्रीन यांनी २०१७ मध्ये मंगळ आणि सूर्याच्या मध्ये एक मोठी मॅग्नेटिक ढाल उभी करायची कल्पना मांडली होती, कल्पना सुंदर आहे, पण माझं मत विचाराल तर टाकी रिकामी असताना नळाच्या गळतीची काळजी नंतर करावी. आधी टाकी भरण्याचं बघू.

मंगळावर चमकीसारखी पावडर उडवून तो गरम करणार अशी बातमी वाचली. खरी आहे का?
– गृहिणी, ठाणे

खरी आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या लोकांनी हा पेपर काढला. मंगळाच्या धुळीत लोह आणि ॲल्युमिनियम आहेच, तर त्याच्याच बारीक काड्या करायच्या, सुमारे ९ मायक्रोमीटर लांबीच्या, म्हणजे साधारण बाजारात मिळणाऱ्या बारीक चमकीएवढ्या, आणि त्या सतत हवेत सोडत राहायच्या, सेकंदाला ३० लिटर या वेगाने. या काड्या खालून वर जाणारी उष्णता अडवतात आणि सूर्याचा प्रकाश खाली ढकलतात. अशाने काही दशकांत टेम्परेचर ३० अंशांनी वाढू शकतं असं त्यांचं गणित आहे आणि वायू वापरून ग्रह तापवायच्या आधीच्या कल्पनांपेक्षा हे हजारो पटीने जास्त परिणामकारक आहे. मला यातलं हे आवडलं की सामान तिथलंच वापरायचं, इथून काही वाहून न्यायचं नाही. पण याने फक्त ऊब मिळेल, श्वास नाही, आणि पावडर उडवणं बंद केलं की काही वर्षांत सगळं खाली बसून मंगळ परत थंड.

याहूनही मला जवळची वाटते ती २०१९ मधली एक कल्पना. सिलिका एरोजेल म्हणून एक पदार्थ असतो, काचेचाच भाऊ पण जवळजवळ सगळा हवेने भरलेला, हातात घेतला तर गोठलेल्या धुरासारखा दिसतो. त्याचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर जमिनीवर अंथरला तर खालचं टेम्परेचर ५० अंशांनी वर जातं, बर्फ वितळण्याइतकं. प्रकाश आत येतो, अतिनील किरण बरेचसे बाहेर अडतात, ऊब आत राहते. आपल्याकडे पॉलीहाऊसमध्ये जे करतात तेच. म्हणजे अख्खा ग्रह नाही, एक तुकडा. पाच एकर, दहा एकर. माझ्या मते खरी सुरुवात अशीच होईल, एकदम ग्रह बदलायच्या गोष्टी कितीही भव्य वाटल्या तरी सुरुवात वाफ्यापासूनच.

माझी गच्चीवर छान बाग आहे. मंगळावर झाडं लावली तर ती कार्बन डायऑक्साइड घेतील, ऑक्सिजन सोडतील, तिथे तर ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे म्हणे! मग अडचण कसली?
– एक आजी, मिरज

आजी, तुमचा विचार बरोबर दिशेने चाललाय, निसर्गाने पृथ्वीवर हेच केलं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी निळ्या-हिरव्या शेवाळाने इथली हवा ऑक्सिजनने भरायला सुरुवात केली, त्याआधी इथेही आपल्याला श्वास घेता आला नसता. पण वेळ बघा किती लागला. ख्रिस मॅके, ब्रायन टून आणि जेम्स कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मंगळाचं गणित मांडलं होतं, ग्रह ऊबदार करायला शंभर वर्षं पुरतील पण झाडांच्या भरवशावर श्वास घेण्यापुरता ऑक्सिजन साठायला लाखभर वर्षं लागतील. आणि झाड नुसता ऑक्सिजन सोडून थांबत नाही, पान गळतं, कुजतं, कुजताना तोच ऑक्सिजन परत खाऊन टाकतं. तुमच्या कंपोस्टच्या डब्यात रोज हेच चाललेलं असतं.

मशीननेही करता येतो. नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरबरोबर, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या गाडीबरोबर, मॉक्सी नावाचं टोस्टरएवढं यंत्र गेलं होतं, त्याने एप्रिल २०२१ मध्ये मंगळाच्या हवेतून पहिल्यांदा ऑक्सिजन काढला, जेमतेम ५ ग्रॅम. पुढे दोन वर्षांत सोळा वेळा चालवून सगळा मिळून १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला ८४० ग्रॅमच्या आसपास लागतो, म्हणजे दोन वर्षांची कमाई साडेतीन तासांत संपली. मी हे कमी लेखायला सांगत नाहीये, उलट दुसऱ्या ग्रहाच्या हवेतून माणसाने पहिल्यांदा प्राणवायू काढला याचं मला फार अप्रूप आहे.

पण तुम्हाला बागेची आवड आहे म्हणून बायोस्फिअर २ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात सव्वा हेक्टरवर, म्हणजे तीन एकरांवर, काचेचं एक बंद जग बांधलं होतं. आत छोटं जंगल, छोटा समुद्र, शेती, कोंबड्या, शेळ्या, आणि सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं आत गेली, दार बंद. दोन वर्षं आतलीच हवा, आतलंच पाणी, आतलंच पीक. सगळं बारकाईने ठरवलेलं होतं. तरी काही महिन्यांत ऑक्सिजन कमी व्हायला लागला, कुणाला कळेना का. २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत साडेचौदाच्या खाली, म्हणजे चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर राहिल्यासारखं, जिने चढताना लोक थांबायला लागले, झोप लागेना. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

कारण सापडलं ते तुम्हाला लगेच पटेल. पीक चांगलं यावं म्हणून त्यांनी मातीत भरपूर सेंद्रिय खत घातलं होतं. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवांनी झाडं देतील त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन खाल्ला. मग त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांनी घेऊन हिशोब बरोबर व्हायला हवा होता, पण तो गेला कुठे? भिंतींच्या काँक्रीटने शोषून घेतला. नव्या सिमेंटचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतो, कुणीच तो हिशोबात धरला नव्हता. तीन एकर, आठ माणसं, पृथ्वीवर, आणि तरी हिशोब चुकला. पृथ्वीकरणाच्या गप्पा निघाल्या की मला पहिल्यांदा तो काँक्रीटचा गिलावा आठवतो.

आमची कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तूर. मंगळावरची माती कशी आहे? तिच्यात काही पिकेल का?
– शेतकरी वाचक, बुलढाणा जिल्हा

दादा, तुम्ही बुलढाण्याचे म्हणजे मंगळाच्या जवळचेच. मंगळाचा बराचसा खडक बेसॉल्ट आहे, म्हणजे आपला काळा पाषाण, सह्याद्री आणि अख्खं दख्खनचं पठार ज्याचं बनलंय तोच लाव्हाचा दगड. आणि तुमच्या लोणारचं सरोवर बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालं, अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून मंगळावरची विवरं समजून घ्यायला जगभरचे लोक लोणारला येतात. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले होते, काठावरून खाली उतरताना वाटेतला एक काळा दगड उचलून मुलांच्या हातात दिला आणि सांगितलं, असा दगड मंगळावर पायाखाली सापडेल. तो दगड ती पोरं दिवसभर फिरवत होती. लोणारच्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडते, आघाताने खनिजाची काच झालेली, आणि ही काच पहिल्यांदा कुठे ओळखली गेली तर १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या उल्केत, जी पुढे मंगळावरून आलेली निघाली. मंगळावरच्या विवरांना पूना, भोर आणि लोणार अशी नावंही दिलेली आहेत.

पण दगडाची पूड म्हणजे माती नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगणार. त्याच बेसॉल्टची आपली काळी कसदार जमीन व्हायला हजारो वर्षांचा पाऊस, ऊन, मुळं, गांडुळं आणि जिवाणू लागले. मंगळावर नुसती पूड आहे, त्यात ह्यूमस, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा कस, नाही, वापरण्यासारखा नायट्रोजन जवळजवळ नाही. वर एक विष आहे, पर्क्लोरेट म्हणतात, फिनिक्स यानाला ते २००८ मध्ये सापडलं, अर्धा ते एक टक्का. ते थायरॉइडला बाधतं. बरं इतकंच की ते पाण्यात विरघळतं, म्हणजे माती धुऊन काढता येते, खारवट जमीन पाणी देऊन धुतो तशी, आणि काही जिवाणू ते खाऊन पचवतातही. तर माती धुवायची, खत घालायचं, वर छप्पर. कपाशीचं सांगता येत नाही, पण बटाटा, मेथी, मुळा असं काही नक्की येईल, शेतकऱ्याशिवाय मात्र नाही.

शुक्र जास्त जवळ आहे आणि आकारानेही पृथ्वीएवढा. मग शुक्राचा विचार का नाही?
– एक वाचक, डोंबिवली

झाला होता. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये शुक्राच्या ढगांमध्ये शेवाळ सोडायचं सुचवलं होतं. मग यानं गेली आणि कळलं की तिथे प्रेशर पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त आणि टेम्परेचर ४६५ अंश, शिसं वितळेल एवढं. मंगळावर हवा आणायची आहे, तिथे काढायची आहे, आणि काढून ठेवणार कुठे? मात्र शुक्राच्या जमिनीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर वर प्रेशर आणि टेम्परेचर दोन्ही सोसण्यासारखं असतं, तिथे तरंगती वस्ती करता येईल असा विचार नासात झालेला आहे. खाली उभं राहायला जमीन नाही, ढगात सल्फ्युरिक ॲसिड. मला नाही राहावंसं वाटत.

आपल्याला दुसरा ग्रह बदलायचा अधिकार आहे का? तिथे आधीच काही जीव असतील तर?
– शिक्षिका, फोंडा

या प्रश्नाने मला दोन दिवस झोप नीट लागली नाही म्हटलं तरी चालेल.

कायदा म्हणाल तर १९६७ चा अंतराळ करार आहे, भारतही त्यात आहे. कुठल्याही देशाला ग्रहावर मालकी सांगता येत नाही आणि नवव्या कलमात लिहिलंय की दुसऱ्या ग्रहांवर घातक प्रदूषण होऊ द्यायचं नाही. म्हणूनच मंगळावर उतरणारी यानं आधी स्वच्छ करतात, निर्जंतुक करतात. पृथ्वीकरण म्हणजे तर मुद्दाम इथले जीव तिथे सोडणं. हे करारात बसतं का, यावर वाद होणार हे नक्की.

आणि जीव असतील का? पर्सिव्हरन्सला २०२४ मध्ये जेझेरो विवरात एका जुन्या नदीपात्रात चेयावा फॉल्स नाव दिलेला एक खडक सापडला, त्याच्यावर बिबट्याच्या ठिपक्यांसारखे डाग आहेत. पृथ्वीवर असले डाग बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या कामामुळे पडतात. २०२५ मध्ये त्यावर पेपर आला, त्यात अगदी जपून लिहिलंय की हे प्राचीन जीवनाचं चिन्ह असू शकतं, नुसत्या केमिकल प्रक्रियेनेही झालेलं असू शकतं. त्या दगडाचा नमुना काढून नळीत बंद करून ठेवलाय, तो पृथ्वीवर आणला की नीट तपासता येईल.

मी पृथ्वीकरणाच्या विरोधात नाही. जिथे काहीच जिवंत नाही तिथे आपण जीवन नेलं तर ते मोठं पुण्याचं काम होईल असं मला मनापासून वाटतं. पण आधी बघा, मग पेरा. शेतात नांगर घालण्याआधी आपण बांधावरून एक चक्कर मारतोच ना, कुठे टिटवीची अंडी तर नाहीत ना म्हणून. मंगळाच्या जमिनीखाली एखादा जिवाणू जरी निघाला आणि तो आपल्या जिवांशी काही नातं नसलेला निघाला, तर विश्वात जीवन दोनदा उगवलं याचा तो पुरावा असेल. तो पुरावा आपल्या शेवाळाखाली गाडला गेला तर परत कधीच मिळणार नाही.

मी सातवीत आहे. मी मोठा झाल्यावर मंगळावर राहायला जाऊ शकेन का? माझं वजन ४० किलो आहे, तिथे किती भरेल?
– एक विद्यार्थी, चिपळूण

वजन भरेल १५ किलोच्या आसपास, उडी मारलीस तर मजा येईल. राहायला जाण्याचं सांगते. मोकळ्या हवेचा मंगळ तुला बघायला मिळणार नाही, तुझ्या नातवालाही नाही, हे खोटं गोड करून सांगत नाही. पण बंद घरातली, काचेखालची, जमिनीत खणलेली वस्ती तुझ्या आयुष्यात होऊ शकते. जमिनीत का, तर तिथे रेडिएशन फार आहे, क्युरिऑसिटी रोव्हरने मोजलं तेव्हा दिवसाला ०.६७ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) निघालं, म्हणजे आपल्याला वर्षभरात निसर्गातून जेवढं मिळतं तेवढं तिथे चार दिवसांत. म्हणून डोक्यावर दोन-तीन मीटर माती पाहिजे. जायला सहा ते नऊ महिने लागतात आणि निघायचा मुहूर्त २६ महिन्यांनी एकदाच येतो, मध्येच घरची आठवण आली म्हणून परतता येत नाही. आईशी फोनवर बोलायचं म्हटलंस तर तुझा आवाज पोचायलाच ३ ते २२ मिनिटं. आणि तिथला दिवस आपल्यापेक्षा साधारण ४० मिनिटांनी मोठा, तेवढी झोप तुला जास्त मिळेल.

तिथे पायलटपेक्षा माती कळणारी, पाणी कळणारी, बंद जागेतली हवा सांभाळू शकणारी माणसं जास्त लागतील. तर आजपासून एक काम कर. चिपळूणला काळा दगड भरपूर, खडी क्रशरची बारीक कच दोन कुंड्यांमध्ये भर. एकीत नुसती कच, दुसरीत तीन भाग कच आणि एक भाग घरचं कंपोस्ट. दोन्हींत मेथीचे पंचवीस-पंचवीस दाणे टाक, पाणी सारखंच मोजून घाल, आणि रोज किती उगवले, किती उंच झाले, पानाचा रंग कसा आहे ते वहीत लिहून ठेव. पहिल्या आठवड्यात दोन्ही कुंड्या सारख्याच दिसतील, कारण दाण्यात स्वतःची शिदोरी असते, ती संपल्यावर काय होतं ते बघ. वीस दिवसांनी वहीच्या पानांचे फोटो पाठव, पुढच्या अंकात छापू.